उसाच्या बिलापासून जगापर्यंत: आशयाधारित इंग्रजी आणि विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय दृष्टी

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात बी.कॉम. आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीचा दोन क्रेडिटचा पेपर आहे. धडे आणि व्याकरणाचे सराव बाजूला ठेवून तो जागतिक विषयांवर, म्हणजे आशयाधारित पद्धतीने शिकवायचा विचार चालू आहे. अशा अभ्यासक्रमाने मुलांची जगाकडे पाहण्याची दृष्टी खरोखर बदलते का? बदलत असेल तर कशामुळे? आणि बदलली हे ओळखायचे कसे?

दृष्टी बदलते, पण विषय परदेशातला आहे एवढ्याने बदलत नाही. ध्रुवीय बर्फ, जपानमधले सण, न्यूयॉर्कचे जीवन असे धडे इंग्रजीतून वाचून मुलांना माहिती मिळते. ती माहिती परीक्षेपुरती टिकते आणि जग पूर्वीइतकेच लांब राहते. बदल तेव्हा दिसतो, जेव्हा विषयाचे एक टोक विद्यार्थ्याच्या घरात असते, दुसरे टोक परक्या देशातल्या कुणाच्या तरी पोटापाण्याशी बांधलेले असते आणि मधला दुवा इंग्रजी असते. कोल्हापूर जिल्ह्यात असे दोन टोकांचे विषय शोधायला लांब जावे लागत नाही. ऊस आहे, पंचगंगा आहे, चप्पल आहे, पन्हाळा आहे.

‘आंतरराष्ट्रीय दृष्टी’ हा शब्द सैल वापरला तर पुढचे सगळेच सैल होते, म्हणून आधी तो बांधून घेऊ. जपानच्या संशोधक तोमोको याशिमा यांनी २००२ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या संदर्भात ही कल्पना मांडली, कारण तिथली परिस्थिती आपल्यासारखीच होती: मुलांना इंग्रज किंवा अमेरिकन लोकांत मिसळायचे नव्हते, तरीही ती इंग्रजी शिकत होती. मग ती कुणाशी नाते जोडत होती? उत्तर निघाले, एखाद्या विशिष्ट समाजाशी नव्हे, तर ‘बाहेरच्या जगाशी’. ही दृष्टी मोजताना चार गोष्टी पाहिल्या जातात. परका माणूस समोर आला तर विद्यार्थी पुढे होतो की टाळतो. देशाबाहेरच्या किंवा बाहेरच्यांसोबतच्या कामात त्याला रस आहे का. बाहेरच्या घडामोडी तो आपणहून वाचतो का. आणि चौथी गोष्ट, जी नंतर जोडली गेली: जगाला सांगण्यासारखे माझ्याकडे काही आहे, असे त्याला वाटते का.

आपल्याकडे ही चौथी बाजू सर्वांत कच्ची आहे. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड भागातून एसटीने येणाऱ्या मुलाला वाटते की इंग्रजीतून बोलण्यालायक गोष्टी दुसरीकडे कुठेतरी असतात. आशयाधारित अभ्यासक्रमाने पहिला घाव या समजुतीवर घालायचा आहे. बाकीच्या तीन बाजू त्यानंतर हलतात.

कोणता नमुना घ्यावा

आशयाधारित अध्यापनाचे तीन रूढ नमुने आहेत. पहिल्यात इंग्रजीचा शिक्षकच काही विषय निवडून त्यांभोवती भाषा शिकवतो. दुसऱ्यात विषयाचा शिक्षक सोप्या केलेल्या इंग्रजीतून आपला विषय शिकवतो. तिसऱ्यात विषयाचा वर्ग आणि भाषेचा वर्ग जोडीने चालतात आणि दोन्ही शिक्षक एकच साहित्य वापरतात. संलग्न महाविद्यालयाच्या वेळापत्रकात पहिला नमुना बसतो. तिसरा पूर्ण सत्रभर चालवायला दोन विभागांचे तास जुळावे लागतात आणि ते क्वचितच जुळतात. पण वाणिज्य विभागातल्या सहकाऱ्याला दोन तासांसाठी वर्गात बोलावणे शक्य असते आणि तेवढे जरूर करावे. इंग्रजीच्या शिक्षकाला मोठी भीती ही असते की ‘मला अर्थशास्त्र येत नाही’. ते यायलाच हवे असे नाही. विषयाबद्दल मुलांइतकेच प्रश्न मनात असलेला, पण मजकूर कसा वाचायचा हे जाणणारा शिक्षक इथे पुरतो. मात्र आकडे आणि कायदेशीर मुद्दे त्या विषयाच्या माणसाकडून एकदा तपासून घ्यावेत.

दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. त्यात तीनपेक्षा जास्त विषय घालू नयेत. आठ विषय घेतले की प्रत्येकाला चार तासही मिळत नाहीत, शब्द पुन्हा पुन्हा भेटत नाहीत आणि मुले कुठल्याच विषयावर स्वतःचे मत बनवण्यापर्यंत पोचत नाहीत. वाटणी साधारण अशी करावी: ओळखीचे २ तास, साखर १०, नदी ८, चप्पल ६, मूल्यमापन ४.

ओळखीच्या दोन तासांसाठी कोल्हापूरकडे एक दुर्मीळ मजकूर आहे. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले. परतताना ३० नोव्हेंबरला, अवघ्या विशीत, त्यांचा फ्लॉरेन्समध्ये मृत्यू झाला. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. तिथे त्यांचे स्मारक आहे आणि जवळच्या पुलालाही त्यावरूनच नाव मिळाले आहे. त्यांची इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये छापली गेली. ज्यांच्या नावाचे राजाराम कॉलेज मुले रोज पाहतात, त्यांनी लंडन कसे पाहिले याचा एक परिच्छेद वर्गात द्यावा आणि एवढेच विचारावे: त्यांनी काय नोंदवले, काय नोंदवले नाही, आणि एखादा इंग्रज कोल्हापुरात आला असता तर त्याने काय नोंदवले असते? पाहणारा कुठे उभा आहे यावर दिसणारे जग ठरते, हे इथे फार न समजावता कळते.

साखर: दहा तास

हा विषय तपशिलात मांडतो, कारण बाकीचे त्याच साच्यावर बेतता येतात.

पहिल्या तासाला मुलांनी घरून किंवा शेजारून कारखान्याचे उसाचे बिल आणावे. नाव आणि खाते क्रमांक झाकायला सांगावे. वर्गात मराठीतूनच हिशोब मांडावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. त्यावर उतारा प्रत्येक ०.१ टक्क्याने वाढला की ३.४६ रुपये वाढतात. म्हणजे उतारा १२ टक्के असेल तर १७.५ टप्प्यांचे ६०.५५ रुपये धरून दर ४१५.५५ रुपये, टनाला ४,१५५.५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हे गणित वर्गातल्या निम्म्या घरांत दर हंगामात होते, पण ते इंग्रजीतून कुणाला समजावून सांगायची वेळ कधी आलेली नसते. तासाच्या शेवटी प्रत्येकाने ते पाच इंग्रजी वाक्यांत लिहावे. वाक्ये मोडकी असतील. ती जपून ठेवावीत, शेवटी लागतात.

दुसऱ्या-तिसऱ्या तासाला साडेचारशे शब्दांचा एक इंग्रजी मजकूर द्यावा: ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या साखर धोरणाविरुद्ध तक्रार का केली. भारताने उत्पादकांना दिलेला आधार मर्यादेपेक्षा, म्हणजे उत्पादनाच्या मूल्याच्या १० टक्क्यांपेक्षा, जास्त आहे आणि निर्यातीलाही अनुदान आहे, असा आक्षेप होता. १४ डिसेंबर २०२१ रोजी तज्ज्ञ समितीचा अहवाल भारताच्या विरोधात गेला. भारताने त्यावर अपील केले. पण अपील ऐकणारी यंत्रणा सदस्यांच्या नेमणुका अडल्यामुळे डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे. आपल्या गावच्या उसाच्या दरावर जिनिव्हात खटला चालला, हे वाचून वर्ग बदलतो. घरात रोज बोलला जाणारा ‘एफआरपी’ हा शब्द परक्या देशाच्या वकिलांच्या कागदात छापलेला दिसतो.

चौथा-पाचवा तास संघटनेच्या संकेतस्थळावरच्या खटल्याच्या सारांशाचा. हा मजकूर कठीण आहे, पण दीड पानापुरताच घ्यावा. इथे भाषा आणि आशय एकमेकांत असे गुंततात की वेगळे काढता येत नाहीत. भारताचा युक्तिवाद होता की सरकार दर फक्त ठरवते, पैसे कारखाने देतात, म्हणून तो सरकारी आधार धरू नये. समितीने तो मानला नाही, सरकारने स्वतः खरेदी करण्याची गरज नाही असे म्हटले. म्हणजे वाद ‘फिक्स’ आणि ‘पे’ या दोन क्रियापदांवर आणि वाक्याचा कर्ता कोण यावर उभा आहे. कर्मणी प्रयोग शिकवायचा असेल तर याहून चांगली जागा मिळणार नाही: ‘सबसिडी वॉज गिव्हन’ असे लिहिले की कुणी दिली हे लपते, आणि खटला तर नेमका त्याच प्रश्नाचा आहे. तसेच ‘क्लेम’, ‘आर्ग्यू’, ‘फाइंड’, ‘रिजेक्ट’ ही क्रियापदे. मराठीत दावा करणे, युक्तिवाद करणे, निष्कर्ष काढणे, फेटाळणे अशी अगदी हीच उतरंड आहे, ती शेजारी मांडावी. मुलांना ही उतरंड आधीपासून येते, फक्त इंग्रजीत लिहिताना ती सगळीकडे ‘से’ आणि ‘टेल’ वापरतात.

सहावा तास आकड्यांचा. हा तास टाळला तर पुढे सगळे बिघडते. १० लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे १० मिलियन, १०० कोटी म्हणजे एक बिलियन. क्विंटल बाहेरच्या वाचकाला टनात सांगावा. रुपयाचे डॉलरमध्ये रूपांतर करताना तारीख लिहावी. ‘लाख’ शब्द कोल्हापुरात सहज समजतो, साओ पावलोत समजत नाही. वाचणाऱ्याला काय माहीत नसेल याचा अंदाज घेणे ही आंतरराष्ट्रीय दृष्टीची सर्वांत साधी आणि सर्वांत तपासण्याजोगी खूण आहे.

सातव्या-आठव्या तासाला सुनावणी. पाच खुर्च्या: कोल्हापूरचा ऊस उत्पादक, सहकारी कारखाना, ब्राझीलचा निर्यातदार, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचा शेतकरी, आणि स्वस्त साखर हवी असलेला आयातदार देश, उदाहरणार्थ इंडोनेशिया किंवा बांगलादेश. पहिल्या तासाला मुले आपापली खुर्ची मांडतात. दुसऱ्या तासाला खुर्च्या बदलायच्या, आणि ही बदली ऐच्छिक ठेवू नये. पहिल्या दिवशी ऊस उत्पादक झालेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी ब्राझीलची बाजू मांडायची. बदलीशिवाय झालेल्या सुनावणीत मुलांचे इंग्रजी सुधारते, पण आपलीच बाजू आणखी घट्ट होते. उसाचा प्रश्न इथल्या घरात जिव्हाळ्याचा आहे, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाणारी माणसे या मुलांच्या घरात असतात. म्हणून आधीच स्पष्ट सांगावे की दुसऱ्याची बाजू नीट मांडणे म्हणजे ती मान्य करणे नव्हे. मोजमापही तेच: ब्राझीलच्या माणसाने ऐकले तर ‘हो, आमचे म्हणणे असेच आहे’ असे तो म्हणेल का?

नवव्या तासाला वर्गातच २५० शब्दांचे पत्र लिहायचे. वाचणारा परक्या देशातला समवयस्क विद्यार्थी. त्याला एफआरपी समजवायची, वादाच्या दोन्ही बाजू सांगायच्या आणि खरोखर उत्तर हवे असलेले दोन प्रश्न विचारायचे. दहाव्या तासाला पत्रे परत देऊन पुन्हा लिहून घ्यावीत. पहिल्या दिवशीची पाच वाक्ये या वेळी शेजारी ठेवावीत. फरक मुलांना स्वतःलाच दिसतो.

नदी आणि चप्पल

पंचगंगेच्या आठ तासांत आकडे आधी. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. ते मीटरमध्ये सांगता आले पाहिजे (११.९ आणि १३.१). पाण्याचा टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २.८ कोटी घनमीटर, हेही. दुसरे टोक ऱ्हाईन नदीचे घ्यावे. स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांचा ऱ्हाईनसाठीचा आयोग १९५० पासून आहे. १९८६ मध्ये बासेलजवळ रासायनिक गोदामाला आग लागून विषारी पाणी नदीत गेले, आणि पुढच्याच वर्षी नदी सुधारण्याचा संयुक्त कार्यक्रम ठरला. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर डच लोक बांध उंच करत राहण्याऐवजी नदीला पसरायला जागा द्यावी या विचाराकडे वळले. पूर, प्रदूषण आणि वरच्या-खालच्या राज्यांचा वाद या तिन्ही गोष्टी आपल्याकडेही आहेत, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद धरून. इथे एक सावधगिरी हवी. ‘युरोपने केले, आपल्याला जमत नाही’ हा निष्कर्ष मुले पहिल्या तासालाच काढतात. तो न्यूनगंड आहे आणि दृष्टी म्हणून त्याचा उपयोग शून्य. ऱ्हाईनच्या देशांना किती वर्षे लागली, किती नुकसान झाल्यावर ते एकत्र आले, हा कालक्रम काढायला लावला की तुलना जमिनीवर येते. भाषेच्या बाजूने इथे कारण-परिणाम आणि शक्यता दाखवणारी वाक्यरचना शिकवावी: ‘मे’, ‘इज लाइकली टू’, ‘कॉन्ट्रिब्यूटेड टू’. ‘अलमट्टीमुळे पूर येतो’ आणि ‘अलमट्टीच्या फुगवट्याचा पुरात वाटा असू शकतो’ या दोन विधानांतला फरक इंग्रजीत अचूक मांडता येणे हे आठ तासांचे फळ म्हणून पुरेसे आहे.

चप्पलचा विषय मुलांना सर्वांत लवकर पकडतो आणि सर्वांत लवकर भरकटतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी पायताणे मूळ न सांगता दाखवली, ओरड झाली, मग भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. वर्ग इथेच संतापून थांबतो. त्याला पुढे न्यायचे असेल तर कायद्याचा मुद्दा आणावा लागतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी. पण हे मानांकन ज्या देशात नोंदवले त्या देशापुरते चालते. भारतातली नोंद इटलीत आपोआप लागू होत नाही. युरोपीय संघात हस्तकलेच्या वस्तूंना असे संरक्षण देणारी संघभर लागू व्यवस्था तर डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. हे कळल्यावर प्रश्न ‘चोर कोण’ वरून ‘कारागिराला परदेशात हक्क कसा मिळेल’ इकडे सरकतो, आणि लिहिण्यासारखे काहीतरी हाती लागते.

या विषयात आणखी एक जोखीम आहे आणि ती गंभीर आहे. चप्पल बनवणाऱ्या कुटुंबांतली मुले वर्गात असू शकतात. कुणालाही ‘तू सांग, तुमच्या घरचे काम आहे’ असे म्हणून उभे करू नये. स्वतःहून बोलले तर ऐकावे. जगाला अभिमानाने दाखवायच्या वस्तूमागे जातीचा इतिहास आहे, ही गोष्ट परदेशी वाचकापासून लपवायची की सांगायची, हा प्रश्न मात्र वर्गापुढे जरूर ठेवावा. उसाच्या वेळीही तेच. ब्राझीलच्या साओ पावलोत ऊसतोडणी बहुतांशी यंत्राने होते, तिथला विद्यार्थी बीडहून येणाऱ्या तोडणी मजुरांबद्दल विचारणारच. अशा प्रश्नाला राग न येता, सारवासारव न करता उत्तर देता येणे हा आंतरराष्ट्रीय दृष्टीचा कठीण भाग आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आणि पंचमीच्या झोक्यांच्या पोस्टर प्रदर्शनातून तो येत नाही.

पन्हाळा चौथा विषय म्हणून राखून ठेवावा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत तो आहे, त्यातला जिंजी तामिळनाडूत आहे. एखादी तुकडी चपलेपेक्षा यावर जास्त रमते.

मजकूर, वर्ग, मराठी

अभ्यासक्रम फसण्याचे पहिले कारण मजकुराची पातळी. आधाराशिवाय समजून वाचायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. शिक्षकाची मदत असेल तर ९५ टक्क्यांपर्यंत भागते. ३०० शब्दांच्या पानावर ९८ टक्के म्हणजे सहा अनोळखी शब्द, ९५ टक्के म्हणजे पंधरा. वर्गातल्या पाच मध्यम मुलांना पान आधी द्यावे आणि अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगावे. पंधराच्या वर गेले तर मजकूर हलका करावा, पण वाक्ये तोडून नव्हे. ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘देअरफोर’ काढून टाकली की शब्द सोपे होतात आणि अर्थाची साखळी तुटते. त्यापेक्षा अनोळखी शब्दांचा अर्थ समासात मराठीत द्यावा. ‘सबसिडी’, ‘टॅरिफ’ असे विषयाचे शब्द ठेवावेत, शोभेचे शब्द बदलावेत.

मराठीला वर्गाबाहेर काढू नये. चर्चेची पहिली दहा मिनिटे मराठीत झाली की विचाराला धार येते, नंतर इंग्रजीत मांडताना डोक्यावर भाषेचाच भार उरतो. नियम एवढाच: विचार कोणत्याही भाषेत, गटाचा शेवटचा शब्द इंग्रजीत. एकाच घटनेवरची मराठी वृत्तपत्राची बातमी आणि परदेशी वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी शेजारी ठेवून कोणाला कर्ता केले आहे हे पाहणे, हा तीस मिनिटांचा उपक्रम कुठल्याही विषयात चालतो.

तुकडी ८० ते १०० ची असते. म्हणून सुनावणी एकच न करता एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी चालवावी, प्रत्येक ठिकाणी साधारण पंधरा मुले, म्हणजे एका खुर्चीला तिघे. इंग्रजी माध्यमातून आलेली दोन-चार मुले सगळे बोलून टाकतात. त्यांना पहिल्या फेरीत नोंद घेण्याचे काम द्यावे. आणि परदेशी उच्चारांच्या ध्वनिफिती लावताना फक्त ब्रिटिश-अमेरिकन नको: ब्राझील, केनिया, इंडोनेशियाच्या वक्त्यांचे इंग्रजी ऐकले की मुलांना स्वतःच्या उच्चाराची लाज कमी वाटते.

परदेशातल्या खऱ्या वर्गाशी जोडणी झाली तर उत्तम, पण घड्याळ आधी पाहावे. साओ पावलो आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, तोवर गावाकडची एसटी निघून गेलेली असते. जाकार्ता दीड तास पुढे आहे, आपल्या बाराला तिथे दीड वाजलेला असतो. साखरेच्या विषयाला इंडोनेशिया आयातदार म्हणून चपखलही बसतो. जोडणी चार आठवड्यांची ठेवावी: पहिल्या आठवड्यात ओळख, दुसऱ्यात-तिसऱ्यात त्याच प्रश्नाची तुलना, चौथ्यात मिळून एक पानाचा मजकूर. व्हिडिओ कॉल दोनच, बाकी ध्वनिसंदेश आणि पत्रे, म्हणजे नेट गेले तरी काम अडत नाही. दोन्हीकडे इंग्रजी दुसरी भाषा असणे हा फायदा आहे. कुणीच परीक्षक नसतो.

गुण आणि मोजणी

आशयाचे आणि भाषेचे गुण वेगळे द्यावेत. पेपर ५० गुणांचा असेल तर २० आशयाला, २० भाषेला, १० तोंडी उत्तरांना. एकत्र गुण दिले की मोडक्या इंग्रजीत उत्तम विचार मांडणारा मागे पडतो आणि सफाईदार पोकळ लिहिणारा पुढे जातो. सत्रान्त परीक्षेत ‘साखर वादाची कारणे लिहा’ असा प्रश्न टाकला की आठवड्याभरात त्याचे गाईड तयार होते. त्याऐवजी न पाहिलेला छोटा मजकूर द्यावा आणि त्यावर पत्र लिहायला सांगावे. घरून लिहून आणलेल्या कामात आता एआयचा मजकूर येतोच. त्यावर इलाज दोन: लिखाण वर्गात घेणे, आणि स्वतःच्या घरच्या बिलातल्या आकड्यांवर तीन मिनिटे तोंडी प्रश्न विचारणे.

दृष्टी बदलली का, याची मोजणी प्रश्नावलीने करायची असेल तर वर सांगितलेल्या चार बाजूंवर प्रत्येकी तीन अशी १२ विधाने घ्यावीत, सहा पर्याय द्यावेत. पर्याय सम संख्येत असले की मधला आडोसा मिळत नाही. नाव नको, ओळखीसाठी मुलांनी स्वतः ठरवलेला सांकेतिक क्रमांक. पहिल्या आठवड्यात एकदा, पंधराव्यात एकदा. इथे एक फसवी गोष्ट घडते: पहिल्या आठवड्यात मुले स्वतःला भरभरून गुण देतात, कारण परक्या माणसाशी गंभीर विषयावर बोलणे म्हणजे काय हे त्यांना माहीत नसते. सत्राअखेर ते कळते आणि आकडा उतरतो. शिक्षक खचतो. म्हणून शेवटच्या दिवशी दोन रकाने द्यावेत: ‘आज मी कुठे आहे’ आणि ‘आज मागे वळून पाहता जूनमध्ये मी कुठे होतो’. दोन्ही रकान्यांमधला फरक जास्त विश्वासार्ह असतो, पण एकटा पुरेसा नसतो, कारण शिक्षकाला खूश करण्याची इच्छाही त्यात मिसळते.

प्रश्नावलीपेक्षा पत्रांवर जास्त भरवसा ठेवावा. पहिल्या आणि शेवटच्या पत्राला चार निकषांवर ० ते ३ गुण द्यावेत: स्थानिक शब्द परक्याला समजेल असा उलगडला का; दुसऱ्या बाजूचे म्हणणे तिला मान्य होईल असे मांडले का; दावा आणि वस्तुस्थिती वेगळी ठेवली का; उत्तर खरोखर हवे असलेला प्रश्न विचारला का. दोन शिक्षकांनी आधी दहा पत्रे स्वतंत्र तपासून गुण जुळवून घ्यावेत, मग बाकीची वाटून घ्यावीत. तारखा झाकाव्यात, नाहीतर शेवटच्या पत्राला हात सैल सुटतो.

एवढे करूनही दावा बेताचा करावा. पेपर ऐच्छिक असेल तर तो निवडणारी मुले आधीच बाहेर पाहणारी असतात. अशा वेळी बदल अभ्यासक्रमामुळे झाला असे म्हणता येत नाही. जमल्यास जुन्या पद्धतीने शिकणाऱ्या तुकडीकडूनही तीच दोन पत्रे लिहून घ्यावीत. आणि तीस तासांत चारही बाजू सारख्या हलत नाहीत. ‘माझ्याकडे सांगण्यासारखे आहे’ ही बाजू लवकर हलते, बातम्या वाचण्याची सवय हळू लागते, परदेशात काम करण्याची इच्छा बहुधा घरची परिस्थितीच ठरवते.

विद्यापीठाच्या चौकटीत तीस तास मिळाले नाहीत, पंधराच मिळाले, तर नदी आणि चप्पल दोन्ही सोडावेत. साखरेचे दहा तास, पहिले पत्र आणि शेवटचे पत्र एवढे ठेवावे, आणि खुर्च्यांची बदली कोणत्याही परिस्थितीत गाळू नये.